विद्युत वाहनांच्या बॅटरीचा कारखाना आणि मराठवाड्यातील रोजगार

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळ उपसमितीने काही विशाल प्रकल्पांना मंजुरी दिली. त्यांत जेएसडब्ल्यू समूहाचे दोन प्रकल्प होते. नागपूर येथील लिथियम बॅटरी प्रकल्पात २५,००० कोटी रुपयांची गुंतवणूक व सुमारे ५,००० रोजगार, तर छत्रपती संभाजीनगर येथील विद्युत वाहन प्रकल्पात २७,२०० कोटी रुपये व सुमारे ५,२०० रोजगार अपेक्षित धरले गेले. या घोषणेने मराठवाड्यात स्वाभाविकच आशा निर्माण झाली. तथापि साधा भागाकार केल्यास एका रोजगारामागे सुमारे पाच कोटी रुपये भांडवल पडते. शंभर कोटींमागे वीस माणसे!

याचे कारण उत्पादनप्रक्रियेतच आहे. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा व ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियमयुक्त संयुगाचा लेप देऊन, मध्ये विभाजक पटल ठेवून सेल तयार होतो. त्यात भरावयाच्या द्रवातील लिथियमचा क्षार पाण्याशी संयोग पावून हायड्रोफ्लुओरिक आम्ल निर्माण करतो व सेल निकामी होतो. म्हणून हे काम दवबिंदू उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही खाली राखलेल्या 'ड्राय रूम'मध्ये चालते. तेथे माणसाच्या श्वासातील बाष्पदेखील उपद्रवी ठरते. साहजिकच माणसे कमी आणि स्वयंचलित यंत्रे अधिक, अशी रचना होते. तयार सेल जोडून बॅटरीसंच बांधण्याचे काम मात्र तुलनेने अधिक हातांना वाव देते. त्याला एवढ्या कोरड्या हवेची गरज नसते.

तुळजापूर तालुक्यातील जळकोटच्या पदवीधराच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावर असले, तरी धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) हा २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झालेला जिल्हा आहे. अशा कारखान्याला हवे असतात ते यंत्रदेखभाल जाणणारे आयटीआय व पदविकाधारक आणि गुणवत्ता तपासणारे रसायनशास्त्राचे पदवीधर. द्रवातील पाण्याचा अंश दशलक्षांश भागांत मोजण्यासाठी तेथे कार्ल फिशर अनुमापन वापरतात. बी.एस्सी.चा विद्यार्थी ब्युरेट हाताळून जे अनुमापन शिकतो, त्याच कुळातील ही पद्धत आहे. अंतर आहे ते उपकरणाचे आणि सरावाचे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले आहेत. ते प्रशिक्षण जवळच्या दुकानातील प्रमाणपत्रावर भागवायचे की विद्यार्थ्याला अशा प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवायचे, हे प्रथम महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागालाच ठरवावे लागेल.