नळी चालू, हिरवळ तहानलेली

यवतमाळच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात रुंद भेगा पडतात. अशा अंगणात नळी सोडली की पाणी पाहता पाहता गडप होते आणि हिरवळ तहानलेलीच राहते. कारण मातीतच आहे. तिचे चिकण कण अतिशय सूक्ष्म, पापुद्र्यांसारखे असतात. पाणी मिळाले की फुगतात, सुकले की आक्रसतात. भेगांत शिरलेले पहिले पाणी मुळांना चुकवून खोल जाते. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी झिरपण्याचा वेग तासाला काही मिलिमीटरवर येतो. नळी मात्र चालूच! उरलेले पाणी उतार धरून थेट रस्त्यावर.

म्हणून भेगा पडण्याआधीच, थोडे पाणी देऊन अर्धा तास थांबावे, ते जिरले की पुन्हा द्यावे. वेळ पहाटेची, दुपारी बरेचसे पाणी हवेतच उडते. रोजचा वरवरचा शिडकावा तर सर्वांत वाईट, कारण त्याने मुळे खाली जातच नाहीत.

हिशेबही सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. 50 चौरस मीटर हिरवळीला 20 मिलिमीटर दिले, की 1,000 लिटर संपले.

निळोणा आणि चापडोह धरणांवर विसंबलेल्या यवतमाळ शहराने 2018 च्या उन्हाळ्यात तीव्र टंचाई सोसली. म्हणून मे महिन्यात हरळीची हिरवळ पिवळी पडू द्यावी हेच उत्तम. ती सहसा मरत नाही. पाऊस पडताच पुन्हा फुटते.