चुकीची दुरुस्ती : बंगलोरच्या वर्गांतील एक प्रयोग

मराठी घरातील तीन वर्षांचे मूल 'मी केलं' असे न म्हणता 'मी करलं' असे म्हणते. हा शब्द त्याने कोणाच्याही तोंडून ऐकलेला नसतो. 'बसलं', 'धरलं', 'भरलं' या रूपांवरून त्याने एक नियम मनाशी बांधलेला असतो आणि तोच येथेही लावलेला असतो. आई त्याला थांबवीत नाही. 'तू केलंस होय? शहाणा गं माझा!' असे म्हणून ती बोलणे पुढे नेते. योग्य रूप मुलाच्या कानावर पडते आणि संभाषणाचा धागाही तुटत नाही. तेच मूल पुढे इंग्रजीच्या वर्गात 'वेंट' ऐवजी 'गोड' म्हणते तेव्हा मात्र सारे काम थांबते. चूक दाखविली जाते, नियम सांगितला जातो आणि संपूर्ण वर्गाकडून ते रूप घोकून घेतले जाते. या दोन रीतींपैकी कोणती अधिक हिताची, हा भाषाशिक्षणातील एक जुना आणि अवघड प्रश्न आहे.

दक्षिण भारतातील शाळांत 1950 नंतरच्या दशकात वाक्यरचनांवर आधारलेला अभ्यासक्रम रूढ झाला. भाषा ही सवय आहे, अशी त्यामागील धारणा होती. चुकीचे वाक्य एकदा जिभेवर बसले की ते निघता निघत नाही. म्हणून चूक होऊच नये अशा बेताने सोप्या रचनेकडून कठीण रचनेकडे जावे आणि प्रत्येक रचना पुनःपुन्हा म्हणवून घ्यावी, असे मानले जाई. या धारणेला 1967 मध्ये एस. पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने हादरा दिला. घाईने वा थकव्याने घडणारी चूक वेगळी आणि अपुऱ्या ज्ञानातून नियमितपणे घडणारी चूक वेगळी, असा भेद त्याने केला. दुसऱ्या प्रकारची चूक हा शिकणाऱ्याचा दोष नसून, शिकण्याची क्रिया कोठवर आली आहे हे दाखविणारा पुरावा होय, असे त्याचे प्रतिपादन होते.

बंगलोर, म्हणजे आजचे बंगळुरू, येथील प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या साहाय्याने 1979 मध्ये एक प्रयोग सुरू झाला. त्याचे सूत्रधार एन. एस. प्रभू हे तेव्हा मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करीत होते. बंगलोर, मद्रास, कडलूर इत्यादी ठिकाणच्या शाळांतील काही वर्गांत हा प्रयोग 1984 पर्यंत चालला. त्यामागील विचार असा : विद्यार्थ्याचे सारे लक्ष अर्थाकडे गुंतलेले असताना व्याकरण त्याच्या मनात नकळत घडत जाते. म्हणून या वर्गांत व्याकरणाचे धडे नव्हते. सोडविण्याजोगी कामे होती. आगगाडीचे वेळापत्रक वाचणे, नकाशावरून वाट शोधणे, खर्चाचा हिशेब करणे अशी ती कामे असत. प्रथम शिक्षक तशाच प्रकारचे एक काम प्रश्नोत्तरांच्या रूपाने सर्वांसमोर सोडवून घेई. नंतर दुसरे काम प्रत्येकाने स्वतंत्रपणे करावयाचे असे. उत्तर बरोबर आले की काम साधले, मग त्याची भाषा कितीही मोडकीतोडकी असो.

मग चुकांचे काय होई? त्यांच्याकडे दुर्लक्ष केले जात नसे. प्रभूंनी दुरुस्तीचे दोन प्रकार मानले : प्रासंगिक आणि पद्धतशीर. समजा, वेळापत्रक पाहून एखादा विद्यार्थी म्हणाला, 'ट्रेन लीव्ह मद्रास सेव्हन ओक्लॉक.' शिक्षक म्हणेल, 'येस, द ट्रेन लीव्ह्ज मद्रास ॲट सेव्हन. व्हेन डझ इट रीच बंगलोर?' ही प्रासंगिक दुरुस्ती होय. ती त्या एका वाक्यापुरती असते. त्या जातीच्या साऱ्या चुकांचा समाचार ती घेत नाही. चूक घडल्यावरच ती होते, आधीपासून बंदोबस्त करीत नाही. ती हातातील कामाला साहाय्य करते आणि क्षणभरच लक्ष वेधते. याउलट एका चुकीचे निमित्त करून नियम सांगणे, उदाहरणे देणे व सराव घेणे, ही पद्धतशीर दुरुस्ती होय; ती या वर्गांत टाळली जाई. गटचर्चेवरही येथे भर नव्हता. सारखेच कच्चे विद्यार्थी एकमेकांशीच बोलत राहिले, तर परस्परांच्या चुका पक्क्या होतील, असे प्रभूंना वाटे.

या प्रयोगाचे मूल्यमापन 1984 मध्ये एडिंबरो विद्यापीठातील ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी केले. वाक्यरचनांच्या चाचणीत जुन्या पद्धतीने शिकलेले वर्ग सरस ठरले. परंतु संदर्भात व्याकरण वापरणे, श्रुतलेखन, ऐकून व वाचून समजणे या बाबतींत एकंदरीत प्रयोगाचे वर्ग पुढे होते. तथापि तुलनेचे वर्ग मुळातच सर्व दृष्टींनी समान नव्हते, ही मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. प्रत्येक पद्धतीने जे शिकविले, त्यात तिचे विद्यार्थी पुढे गेले, इतके मात्र त्यातून दिसते.

प्रासंगिक दुरुस्तीची दुसरी बाजू पुढे कॅनडात उजेडात आली. माँट्रियल परिसरात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांचा अभ्यास रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षकांच्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्या, मुलाचे वाक्य सुधारून पुन्हा म्हणण्याच्या स्वरूपाच्या होत्या. पण मुलांनी प्रतिसाद दिला तो अशा दुरुस्त्यांना सर्वांत कमी. आपले उत्तर मान्य झाले, एवढाच अर्थ पुष्कळदा त्यांना लागत असावा. याउलट शिक्षकाने मध्येच थांबून योग्य रूप विद्यार्थ्याकडूनच काढून घेतले, तर तो ते शोधू लागे.

म्हणून शिक्षकापुढील खरा प्रश्न निवडीचा आहे. मराठीत आणि कन्नडमध्ये इंग्रजीच्या 'द' सारखे उपपद नाही. त्यामुळे ते गाळण्याची चूक वर्षानुवर्षे टिकते. तिच्यासाठी प्रत्येक वाक्य अडविले, तर विद्यार्थ्याला सांगावयाचे होते तेच राहून जाईल. जी चूक अर्थाचा विपर्यास करते, तिची दुरुस्ती तेथल्या तेथे व्हावी. जी वर्गातील बहुतेकांकडून वारंवार होते, ती टिपून ठेवून काम संपल्यावर तिच्याकडे लक्ष वेधावे आणि योग्य रूप त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. उरलेल्या चुकांना काही काळ वाव द्यावा. चुकत बोलणारा विद्यार्थी सुधारू शकतो. परंतु चुकीच्या भीतीने जो बोलणेच सोडून देतो, त्याच्या वहीत तांबड्या शाईची खूण नसली, तरी त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच शिक्षकापाशी उरत नाही.