बाळ लई शांत आहे? एकदा टाळी वाजवून बघा! पहिल्या सहा महिन्यांत घरी काय कराल, वाचा

वेळापूर : "आमचं बाळ फार गुणी, रडत नाही की त्रास देत नाही," असं घरोघरी कौतुकानं सांगितलं जातं. बहुतेक वेळा ते खरंच गुणी असतं. पण कधी कधी या शांतपणामागं ऐकू न येणं किंवा नीट न दिसणं हे कारण असतं. ते उशिरा कळलं, तर मोलाचा वेळ हातचा जातो. म्हणून घरच्यांनी काय करायचं आणि काय बघायचं, ते समजून घेऊ.

अंगावर पाजताना मोबाईल बाजूला
नवजात बाळाला साधारण वीतभर, म्हणजे 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच बरं दिसतं. दूध पिताना आईचा चेहरा तेवढ्याच अंतरावर असतो. त्या वेळी त्याच्याकडं बघा, बोला. बाळानं 'अँ' केलं की थोडं थांबा, मग तुम्हीही उत्तर द्या. आजीची अंगाई, अंघोळ घालतानाच्या गप्पा, वडिलांनी कडेवर घेऊन गोठा दाखवणं, यातूनच बाळाचा मेंदू घडतो. महागडी खेळणी लागत नाहीत, खुळखुळा पुरतो.

पालथं घाला, पण जागेपणीच
जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनेनुसार, रांगायला न लागलेल्या बाळाला जागेपणी थोडं थोडं करून दिवसात किमान 30 मिनिटं पालथं ठेवावं. मान आणि खांदे बळकट होतात. जवळ मोठं माणूस हवंच. झोपवताना मात्र उताणंच झोपवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मोबाईल, टीव्ही दाखवूच नका.

साधारण कधी काय दिसावं?
- दोन महिने : तुमच्याकडं बघून हसतं
- तीन-चार महिने : मान धरतं, हलत्या वस्तूमागं नजर फिरवतं
- चार-पाच महिने : वस्तूकडं हात नेतं, आवाजाकडं मान वळवतं
- सहा महिने : कुशीवर वळतं, पालथं पडतं

चार-आठ दिवस मागंपुढं झालं तर घाबरू नका. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजा. पण मोठ्या आवाजाला दचकत नसेल, अंग फार ढिलं किंवा फार ताठ वाटत असेल, तर लगेच दाखवा. घरची टाळी ही पक्की तपासणी नव्हे, शंका असेल तर कानाची तपासणी करून घ्या. बहिरेपणावर सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले, तर बोलणं येण्याची शक्यता खूप वाढते.

आशाताई कधी येतात?
दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. पुढं 3, 6, 9, 12 आणि 15 व्या महिन्यात. बाळंतीण माहेरी असेल तर तिथल्या आशाताईंना कळवा, सासरी परत आल्यावर इथल्या. इथंच अनेक बाळांच्या भेटी हुकतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावं, लस दुसऱ्या गावातही मिळते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी चुकवू नका.

हे टाळा
सहा महिने फक्त आईचं दूध. आपल्याकडच्या उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही. गुटी, मध नको. कानात-नाकात तेल आणि डोळ्यात काजळ घालू नका.

शंका आली तर
"आपोआप होईल" म्हणत थांबू नका. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंत मुलांची तपासणी मोफत होते. आशाताई, अंगणवाडीताई किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. तपासून काही निघालं नाही, तर चांगलंच. निघालं, तर वेळेत कळलं.