नागपूरचा पाणीमक्ता

पेंच व कन्हान या नद्यांचे पाणी घरोघर पोहोचविण्याचे काम नागपूर महापालिकेने 2012 साली 25 वर्षांच्या कराराने व्हेओलिया ही फ्रेंच कंपनी आणि विश्वराज ही भारतीय कंपनी यांच्या संयुक्त संस्थेकडे सोपविले, तेव्हा शहराचे पाणीच विकले गेले अशी जी ओरड झाली, ती यथार्थ नव्हती. कारण मालकी आणि दर ठरविण्याचा अखत्यार पालिकेकडेच राहिला. मक्तेदाराच्या वाट्यास गळती शोधणे, जोडण्या बदलणे आणि बिलवसुली आली. कराराचा हेतू नळ अष्टौप्रहर वाहता ठेवण्याचा होता, आणि त्याचे मर्म केवळ सोयीत नाही: दाब ओसरला की रिकाम्या नळाच्या फटींतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. तरीही कराराचे प्रत्येक कलम वाचून जाब विचारणारा जाणता अभियंता ज्या पालिकेच्या दप्तरी नाही, तिने असा मक्ता देऊच नये.