पिवळा दगड

आमच्या गावच्या विहिरीत पैज एकच असायची: तळाशी बुडी मारून मूठभर गाळ वर आणायचा. पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलेली आम्ही पोरं दोन-अडीच पुरुष खोल जायचो. अर्ध्या वाटेवर कान ठणकायला लागायचे. चिमटीत नाक धरून हलकेच फुंकलं की कान मोकळा होतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. ते सांगितलं तारकर्लीच्या एका प्रशिक्षकाने, माझे केस पांढरे व्हायला लागल्यावर. दरम्यानच्या वर्षांत मी बोनेअर नावाच्या बेटाचा नकाशा पाठ करून टाकला होता.

बोनेअर कॅरिबियन समुद्रात, व्हेनेझुएलाच्या उत्तरेला आहे. क्षेत्रफळ २८८ चौरस किलोमीटर, आणि १० ऑक्टोबर २०१० पासून नेदरलँड्सची एक खास नगरपालिका. पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्यालगत पिवळे रंगवलेले दगड ठेवलेले आहेत, प्रत्येकावर जागेचं नाव. दगड दिसला की गाडी थांबवायची, हवेची टाकी पाठीला बांधायची आणि चालत पाण्यात शिरायचं. बोट लागत नाही. थोडं पोहलं की प्रवाळाची उतरंड सुरू होते. खुणा केलेल्या ऐंशीहून अधिक जागांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी असं किनाऱ्यावरून जाता येतं.

हे तिथेच का जमतं, याचा शोध घेताना मला जे सापडलं ते वऱ्हाडी माणसाला चटकन कळेल. बोनेअर कोरडं आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर, म्हणजे अकोल्यापेक्षाही कमी. निवडुंग, काटेरी झुडपं, शेळ्या, मोकाट गाढवं. नदी नाही, म्हणून समुद्रात गाळ येत नाही आणि पाण्याखाली ३० मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं. वारा बारा महिने पूर्वेकडून, त्यामुळे पश्चिम किनारा आडोशाला राहतो. ज्या दुष्काळाने जमीन उपाशी ठेवली, त्यानेच समुद्र नितळ राखला. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरला खारं पाणी लागलं की शेतकरी कपाळाला हात लावतो. बोनेअरला विकण्याजोगं होतं ते मीठच.

त्या मिठाची किंमत कुणी मोजली, ते बेटाच्या दक्षिण टोकाला दिसतं. मिठागरांजवळ १८५० च्या सुमारास बांधलेल्या गुलामांच्या दगडी झोपड्या अजून उभ्या आहेत. दार माणसाच्या कमरेएवढं. आत शिरायचं तर गुडघे टेकावे लागतात, आणि आत गेल्यावरही ताठ उभं राहता येत नाही. आठवडाभर मीठ उपसून ही माणसं सुट्टीला रिंकोन गावी, आपल्या बायकापोरांकडे जात. चालत, सात तास. डच वसाहतींतली गुलामगिरी १ जुलै १८६३ ला संपली. आज त्याच झोपड्यांसमोर पिवळे दगड आहेत. तिथे पाण्यात उतरणाऱ्याने आधी त्या दारातून वाकून आत जाऊन यावं, असं मला मनापासून वाटतं.

१९६२ मध्ये डॉन स्टुअर्ट नावाचा एक अमेरिकन माणूस शिडाचं जहाज घेऊन या बेटावर आला आणि इथलाच झाला. सगळे त्याला कॅप्टन डॉन म्हणत. पाण्याखाली भाल्याने मासे मारणं बंद व्हावं म्हणून तो हटून बसला. १९७१ मध्ये बंदी आली. १९७५ मध्ये प्रवाळ तोडायला, अगदी मेलेलं उचलायलाही मनाई झाली आणि १९७९ मध्ये अख्ख्या बेटाभोवती सागरी उद्यान जाहीर झालं, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत. प्रवाळावर नांगर टाकायचा नाही, बोट कायमच्या बोयाला बांधायची. हातमोजे घालून उतरायचं नाही, कारण मोजा घातला की माणूस प्रवाळाला धरतो. बुडी मारणाऱ्याकडून वार्षिक शुल्क घेतलं जातं आणि त्या पैशावर उद्यान चालतं. कॅप्टन डॉन २०१४ मध्ये गेला.

आता मालवण. इथलं सागरी अभयारण्य १९८७ चं, २९.१२ चौरस किलोमीटर. बोनेअरच्या उद्यानापेक्षा आठच वर्षांनी धाकटं. पण आम्हांला विचारलंच नाही, हे मच्छीमारांचं म्हणणं पहिल्या दिवसापासूनचं आहे, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. ज्याचं पोट समुद्रावर आहे त्याला बाहेर ठेवून समुद्र राखता येत नाही. पुढे याच घरांतली पोरं पर्यटकांना बुडी मारायला नेऊ लागली. तारकर्लीत राज्य पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्थाही आहे.

मात्र इथे किनाऱ्यावरून चालत जाता येत नाही. कर्ली आणि गड नद्यांचा लाल गाळ पावसाळाभर समुद्रात येतो; प्रवाळ आहे ते सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर. मी इथे बुडी मारली तेव्हा मला पाच मीटरवरचा सोबती धूसर दिसत होता. पण एका खडकाच्या फटीतून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा हाताएवढा मासा बाहेर आला, माझ्या काचेसमोर थांबला, आणि विहिरीच्या गाळाची पैज इतक्या वर्षांनी फिटली.

तेव्हा मालवणात बोट आलीच. २४ मे २०२२ ला तारकर्लीत बुडी मारून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली. बोटीत २० जण होते, दोघे गेले. त्यांतला एक तरुण आमच्या अकोल्याचा होता. मेच्या शेवटी वारा फिरतो, लाटा उठतात, हंगाम संपत आलेला असतो. आणि आपण वऱ्हाडातले लोक जातो ते नेमके तेव्हाच, शाळेच्या सुट्टीत, ४५ अंशांतून पळ काढून.

बोनेअरला जाणारे जातील. आधी इथे शिकून जा. नाक धरून कान मोकळे करणं, श्वास न रोखणं, प्रवाळावर पाय न ठेवणं हे मालवणातही शिकता येतं. खोल बुड्या मारल्या असतील तर पुढचे १८ तास विमानात बसू नका आणि आंबोली घाटही चढू नका, कारण आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे धरतो. नागपूर-मडगाव गाडी बडनेरा, अकोला करत थेट कुडाळला पोचते. तिथून मालवण तासाभरावर.

हा अंक तुमच्या हातात आहे तोवर समुद्राचा गाळ बसायला लागलेला असेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत बसू नका, नांगर प्रवाळावर पडताना दिसला तर नाखव्याला तिथल्या तिथे सांगा, आणि मे महिन्याची वाट पाहू नका.