स्कायडायव्हिंग शिकलात, पण स्वतःचं पॅराशूट कधी घ्यायचं?

पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी आयुष्यातली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन यावलच्या एखाद्या तरुणानं प्रशिक्षण पूर्ण केलं, तर पुढचा प्रश्न येतो: स्वतःचा संच कधी घ्यायचा?

संचात काय असतं?
पाठीवरची पिशवी आणि पट्टे, मुख्य पॅराशूट, राखीव पॅराशूट आणि एएडी. उडी मारणारा बेशुद्ध झाला, तरी एएडी राखीव पॅराशूट आपोआप उघडतं. नवा संच काही लाखांत जातो.

घाई का नको?
शिकाऊंना मोठं, संथ पॅराशूट देतात. सराव वाढतो तसा आकार टप्प्याटप्प्यानं कमी होतो. सुरुवातीलाच घेतलेलं पॅराशूट लवकरच नकोसं होतं. 'पुढे कामी येईल' म्हणून लहान घेतलं, तर ते वेगानं उतरतं आणि पाय मोडू शकतो.

हिशोब कसा करायचा?
७० किलोचा माणूस आणि १२ किलोचं सामान मिळून ८२ किलो, म्हणजे सुमारे १८१ पाउंड. नवख्यासाठी एका पाउंडाला किमान एक चौरस फूट कापड धरतात. म्हणजे १८१ चौरस फुटांपेक्षा लहान पॅराशूट नको.

मग कधी?
अमेरिकेतल्या 'ए' परवान्याला किमान २५ उड्या लागतात. तोवर भाड्याचा संच बरा. नंतर वापरलेला संच घ्या, पण पैसे देण्याआधी रिगरकडून तपासून.

वर्षाला चार-पाचच उड्या होणार असतील, तर भाडंच परवडतं. राखीव पॅराशूट कपाटात पडून राहिलं, तरी ठरावीक मुदतीनं रिगरकडून पुन्हा घडी घालून घ्यावंच लागतं. अमेरिकेत ही मुदत १८० दिवसांची आहे.