एक बँड, तीन कान

६०६ डॉलर १७ सेंट. 'निर्वाना' या रॉक बँडच्या पहिल्या अल्बमच्या, 'ब्लीच'च्या ध्वनिमुद्रणाचा हा खर्च. १९८८चा डिसेंबर आणि पुढचा जानेवारी, सिॲटलमधला 'रेसिप्रोकल' हा लहानसा स्टुडिओ, आणि टेपयंत्रापाशी प्रोड्यूसर जॅक एंडिनो. तीसेक तासांत काम उरकलं. हातात ना वेळ होता ना पैसा, त्यामुळे बँड वाजला तसाच टेपवर उतरला.

रॉकमधला प्रोड्यूसर पैसे घालत नाही. माइक कुठे लावायचा, कोणता टेक ठेवायचा, कुठे हात आवरायचा, हे तो ठरवतो. निर्वानाच्या तिन्ही स्टुडिओ अल्बमना प्रोड्यूसर वेगवेगळे, त्यामुळे प्रोड्यूसर बदलला की काय बदलतं, हे थेट कानांनी तपासता येतं.

दुसरा अल्बम, 'नेव्हरमाइंड' (१९९१), केला बुच विगने. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात 'स्मार्ट स्टुडिओज' चालवणारा हा माणूस स्वतः ड्रमवादक. निर्वानाचा गायक कर्ट कोबेन याला एकच ओळ दोनदा गाऊन आवाजावर आवाज चढवणं खोटेपणाचं वाटे. जॉन लेननही हेच करायचा, असं विगने सांगितलं आणि कोबेन तयार झाला! पण विग नुसता थर चढवणारा नव्हे. 'समथिंग इन द वे' काही केल्या जमेना, तेव्हा कोबेन कंट्रोल रूममधल्या सोफ्यावर आडवा होऊन गाणं कसं हवं ते पुटपुटत दाखवू लागला. विगने माइक तिथेच आणवले, आवाज करणारी उपकरणं बंद केली आणि ते पुटपुटणंच टिपलं. बाकीची वाद्यं नंतर त्याभोवती बसवली. पुढे कोबेनलाच हा अल्बम फार गुळगुळीत वाटू लागला. त्यातली बरीच झिलई खरं तर मिक्सिंग करणाऱ्या अँडी वॉलेसची, पण बोल लागला तो विगला.

मग तिसऱ्या अल्बमसाठी, 'इन युटेरो'साठी, आला शिकागोचा स्टीव्ह अल्बिनी. त्याला 'प्रोड्यूसर' म्हणवून घेणंच नामंजूर. आपण फक्त ध्वनिमुद्रण करतो, असा त्याचा हेका. रॉयल्टी घ्यायला त्याने साफ नकार दिला. प्लंबरला देता तशी कामाची मजुरी द्या, असं त्याने बँडला पत्रातून कळवलं. मजुरी ठरली एकरकमी एक लाख डॉलर.

फेब्रुवारी १९९३मध्ये मिनेसोटात अल्बिनी 'इन युटेरो' दोनेक आठवड्यांत हातावेगळा करत होता. त्याच सुमारास जॉर्जियात विग 'स्मॅशिंग पम्पकिन्स' या दुसऱ्या बँडच्या 'सायामीज ड्रीम' अल्बमसाठी गिटारवर गिटार चढवत बसला होता. ते काम महिनोन् महिने चाललं.

अल्बिनीचा अलिप्तपणा मात्र जसाच्या तसा मानू नये. ड्रमच्या जवळचे माइक तर असतच, शिवाय खोलीचा घुमारा पकडायला तो लांबवरही माइक लावी. त्यामुळे त्याचे ड्रम चार ठोक्यांत ओळखू येतात, मग बँड 'पिक्सीज' असो वा पी. जे. हार्वी. १९९७मध्ये उघडलेल्या आपल्या 'इलेक्ट्रिकल ऑडिओ' स्टुडिओच्या भिंतींसाठी त्याने न्यू मेक्सिकोहून मातीच्या कच्च्या विटा आणवल्या. काहीच न करणारा माणूस एवढा खटाटोप करत नाही.

'इन युटेरो' ऐकून रेकॉर्ड कंपनी बिथरली. अखेर 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' ही दोन गाणी स्कॉट लिट या दुसऱ्या प्रोड्यूसरने नव्याने मिक्स केली. सिंगल म्हणून गाजलेली गाणी नेमकी हीच, त्यामुळे रेडिओवर निर्वाना ऐकणाऱ्यांपर्यंत अल्बिनीचं काम पोचलं ते लिटच्या हातून.